देव आहे म्हणून आयुष्याला उद्देश आहे, असं ठरतं का?

तुमचा प्रश्न असा: देवाचं अस्तित्व मान्य केलं, तर माणसाच्या आयुष्याला काही उद्देश आहे हेही ओघानेच मान्य करावं लागतं का?

नाही. आणि हे मी रोज दिवा लावणारी बाई सांगतेय.

माझ्या जन्माला उद्देश होता, तोही भिंतीवर काढलेला. आमच्याकडे इंदूरला खजराण्याच्या गणपतीला लोक मंदिराच्या मागच्या भिंतीवर उलटा साथिया काढतात, म्हणजे उलटं स्वस्तिक. मनातलं झालं की परत येऊन सरळ काढायचा. दोन नातींनंतर आईला तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा आजीने तिथे उलटा साथिया काढला. नातू हवा होता. झाले मी. घरात हा किस्सा पाहुण्यांना हसत हसत सांगायचे. त्यात हसण्यासारखं काय, ते मला बरीच वर्षं कळलं नाही.

म्हणून "तुला कुणीतरी काहीतरी योजून जन्माला घातलं आहे" असं कुणी म्हटलं की मी हुरळून जात नाही. योजणाऱ्याचा हेतू योजणाऱ्यापाशी असतो. आजीचा पितळी अडकित्ता माझ्याकडे आहे. घडवणाऱ्याने तो सुपारीसाठी घडवला, पण घरात आता सुपारी कुणी खात नाही. दिवाळीत मी त्याने बदामाचे काप करते आणि एरवी तो ड्रॉवरमध्ये पडून असतो. अडकित्त्याची तक्रार नाही, त्याला कुणी विचारलेलंच नव्हतं. माणसाला मात्र विचारावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आजी कुठे आणि देव कुठे! देव सर्वज्ञ, त्याचा बेत फसायचा नाही. कबूल. पण बेत फसत नाही म्हणून तो मला पटलाच पाहिजे असं होत नाही. तो चांगला असेल तर का चांगला, हे सांगता यायला हवं. आणि ते कारण एकदा सांगता आलं, की देव न मानणाऱ्या शेजाऱ्यालाही ते लागू पडेल. मग उद्देशाचा भार देवाच्या असण्यावर राहिला कुठे?

ही झाली पुढची पायरी. त्याआधीचीच पायरी डळमळीत आहे, ती म्हणजे देवाला हेतू असतोच हे गृहीत. वेदान्ताचा मूळ ग्रंथ म्हणजे ब्रह्मसूत्रं, त्यांत (२.१.३२-३३) हाच वाद आहे. आक्षेप घेणारा विचारतो, हेतूशिवाय कुणी काही करत नाही, मग ईश्वराने जग का निर्माण केलं? हेतू होता म्हणाल तर त्याला काहीतरी कमी होतं असं होईल, आणि ईश्वर तर पूर्ण. त्यावर सूत्रकाराचं उत्तर तीन शब्दांचं आहे: लोकवत्तु लीलाकैवल्यम्. नुसती लीला. शंकराचार्य भाष्यात दाखला देतात तो सगळं मिळालेल्या राजाच्या खेळण्याचा, आणि आपसूक चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा. श्वास घेण्यामागे तुमचा काय बेत असतो? म्हणजे इथे ईश्वर आहे, पण जग निर्माण करण्यामागे त्याचं प्रयोजन नाही. कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला चक्क हायसं वाटलं होतं.

आता उलट बाजू बघा. इतवारिया बाजारातलं काच मंदिर इंदूरला येणारा प्रत्येक जण बघतो. भिंती, छत, खांब, सगळीकडे काचच काच, आणि आपलंच तोंड शंभर ठिकाणी. ते जैन मंदिर आहे. जैन मतात जग निर्माण करणारा देव नाही, तरी जिवाने कुठे पोचायचं ते पक्कं: मोक्ष. सांख्य दर्शनाचा ग्रंथ सांख्यकारिका, त्यातही ईश्वराशिवाय काम भागतं. वासरासाठी अजाण दूध जसं पाझरतं तशी प्रकृती, म्हणजे जड सृष्टीचं मूळ, पुरुषाच्या, म्हणजे आत्म्याच्या, मुक्तीसाठी राबते, असं तिथे म्हटलंय (कारिका ५७). एकीकडे देव आहे पण त्याचा हेतू नाही, दुसरीकडे उद्देश आहे पण कर्ता देव नाही. मग एकातून दुसरं निघतं असं कसं म्हणायचं?

काही धर्मांत उद्देश स्पष्ट सांगितलेला आहे. माणसं आणि जिन्न केवळ आपल्या उपासनेसाठी निर्माण केले, असं कुराणात अल्लाह म्हणतो (५१:५६). पण तिथेही उद्देश कळतो तो सांगितल्यामुळे. नुसतं "तो आहे" एवढ्यावरून तो कळला नसता.

एक गोष्ट मात्र मी सोडून देते. कुणाचंच लक्ष गेलं नाही असं दुःख ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांना "वर कुणीतरी बघतोय" ह्याचा जो आधार असतो, तो असल्या युक्तिवादाने हलत नाही आणि हलवूही नये. फक्त त्या आधाराला मी उद्देश म्हणणार नाही. तुकोबांनी तर मुक्तीही नको म्हटलं. खुशाल पुन्हा गर्भवासात घाल, पण तुझा विसर पडू देऊ नको. उद्देश बिद्देश बाजूला, त्यांना सोबत हवी होती.

आजीचं सांगायचं राहिलं. जायच्या आदल्या वर्षी तिने हट्टच धरला, मला खजराण्याला ने. गुडघे धरून मागच्या भिंतीपाशी आली. तिथे एकावर एक शेकडो साथिये, तिचा कुठला ते गणपतीलाही ओळखू आलं नसतं. तिने बोटाने कुंकू घेतलं आणि मोकळी जागा बघून सरळ साथिया काढला. मी म्हटलं, "आजी, नातू कुठे झाला?"

"गप. देवाची उधारी ठेवायची नसते," म्हणाली, आणि कुंकवाचं बोट माझ्या ओढणीला पुसलं.