नाव झाल्यावर लिहिणं सोपं होतं का? खांडेकरांकडे बघा

‘एखाद्या कादंबरीकाराचं मोठं नाव झालं की पुढचं लिहिणं सोपं होतं का, आणि त्याच्या खाजगी आयुष्याचं काय होतं?’ असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीचा, त्यामुळे माझ्यापुढे पहिलं नाव येतं ते इथेच १८९८ साली जन्मलेल्या वि. स. खांडेकरांचं.

खांडेकर गाजायला लागले तेव्हा पुण्या-मुंबईत नव्हतेच. फर्ग्युसनचं शिक्षण अर्धवट सुटलं आणि १९२० मध्ये ते शिरोड्याला शाळामास्तर म्हणून गेले. वेंगुर्ल्याजवळचं समुद्राकाठचं गाव. तिथे १९३८ पर्यंत राहिले. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ त्याच काळातल्या. म्हणजे दिवसा फळा, खडू, तपासायच्या वह्या, आणि उरलेल्या वेळात कादंबरी. पहिलं पुस्तक जरा खपलं की नोकरी सोडायच्या गोष्टी करणारे दोघेतिघे माझ्या ओळखीत आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मग सिनेमा आला. दिग्दर्शक मास्टर विनायकांच्या ‘छाया’ची कथा खांडेकरांची, आणि पटकथा-संवादाच्या कामासाठीच ते कोल्हापूरला आले. पैसा, नाव दोन्ही वाढलं. पण त्याच गावात कादंबरीकार ना. सी. फडकेही होते, आणि ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादात लोकांनी दोघांना समोरासमोर उभं केलं. खांडेकर जीवनवादी, ध्येयवादी, आणि भाषा मात्र अलंकारांनी भरलेली. टीकाकारांनी त्यावरून त्यांना भरपूर झोडपलं. मलाही त्यांच्या सगळ्याच उपमा झेपत नाहीत, खरं सांगतो. पण गावातल्या वाचनालयात त्यांच्या जुन्या प्रती चाळा. रेक्झिनचं बायंडिंग उसवलेलं, पानापानावर पेन्सिलीच्या रेघा, समासात कुणीतरी ‘अगदी खरं’ लिहिलेलं, आणि खाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘पुस्तकात लिहू नये’. इतकी हाताळलेली पुस्तकं फार कमी लेखकांच्या वाट्याला येतात. तमिळ आणि गुजराती वाचकांनी तर भाषांतरांतून त्यांना आपलाच लेखक करून टाकलं.

आता तुमचा मुख्य मुद्दा. लिहिणं सोपं झालं असतं तर त्यांनी आधी चाललेलाच साचा पुन्हा गिरवला असता. ‘ययाति’ आली १९५९ मध्ये, म्हणजे साठी उलटल्यावर. महाभारतातली कथा घेतली, पण ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून सांगितली, आणि ज्याला कितीही मिळालं तरी पुरत नाही असा आजचा माणूस त्या राजात पाहिला. पंचवीस-तीस वर्षं गाजलेल्या लेखकानं यशाच्या ऐन भरात अतृप्तीवर लिहावं, यातच मला त्यांचं यशाबद्दलचं मत दिसतं. ‘ययाति’ला १९६० मध्ये साहित्य अकादमी मिळालं आणि १९७४ चं ज्ञानपीठही. मराठीतलं ते पहिलं ज्ञानपीठ.

खाजगी आयुष्याचं म्हणाल तर कीर्तीनं त्यातलं काही भरून काढलं असं मला वाटत नाही. जन्मनाव गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णू सखाराम झाले. तब्येत कधी धड नव्हती. अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली आणि लेखन दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यावं लागलं. तरी ते थांबले नाहीत. १९७६ मध्ये मिरजेत वारले.

तुम्हाला त्यांच्याच शब्दांत हे वाचायचं असेल तर ‘एका पानाची कहाणी’ ही आत्मकथा घ्या, ‘ययाति’ नंतर. आणि इकडे आलात तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातलं त्यांचं स्मृती संग्रहालय बघा. सांगलीहून एसटीनं सकाळी निघालात तर दुपारपर्यंत बघून होतं.