सोसायटीतले लोक गच्चीवर भाजीपाला लावायला खरंच तयार होतात का?

होतात, पण सगळे एकदम नाही. आधी चार-पाच घरं पुढे येतात आणि बाकीचे गच्ची गळेल या भीतीने हात आखडता घेतात. आमच्या सोसायटीच्या गच्चीबागेचं काम मी बघते, त्यावरून सांगते. वरच्या मजल्यावरच्यांची ही भीती अगदी रास्त आहे, आणि गळतीसोबत गच्चीवर पडणाऱ्या वजनाचाही प्रश्न असतो. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जड भरते, म्हणजे फूटभर खोल वाफ्याचं वजन चौरस मीटरला 450 किलोच्या पुढे. म्हणून माती कमी, पालापाचोळा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि ओल्या कचऱ्याचं खत जास्त घ्या. रोपांचे क्रेट विटांवर ठेवा, म्हणजे खालची फरशी सुकते आणि ओल कुठे आहे ते दिसतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या खतावरच बाग उभी राहिली. हिवाळ्यात मेथी-पालक लावा. महिन्याभरात जुडी हातात आली की शेजारीही बी मागायला येतात. मात्र उन्हाळ्यात टँकर मागवावा लागत असेल तर हा उत्साह टिकत नाही. तिथे जूनमध्ये भेंडी, गवार, दोडक्याने सुरुवात केलेली बरी.