वाळवंटात पूर? हो, वाळवंटातच!

ऑक्टोबर जवळ आला की जॉर्डनला निघालेल्या वाचकांच्या पत्रांचा ढीग वाढतो. गाडी स्वतः चालवायची हौस सगळ्यांनाच असते. शंका मात्र त्याच त्या, कुणी शेजाऱ्याकडून ऐकलेल्या, कुणी व्हॉट्सॲपवरून उचललेल्या. म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : अम्मानहून खडकात कोरलेल्या पेट्रा या प्राचीन नगरीला डेझर्ट हायवेने जावं की किंग्ज हायवेने? (पुणे)

जाताना किंग्ज हायवे, येताना डेझर्ट हायवे आणि दोन्ही वेळा उजेडात. डेझर्ट हायवेने तीन-साडेतीन तास लागतात. किंग्ज हायवेला अख्खा दिवस द्या, कारण वाटेत मादबाच्या चर्चमधला सहाव्या शतकातला मोझॅक नकाशा आहे, वादी मुजिबचा घाट आहे, करकचा किल्ला आहे. अंधारात रस्त्यावर आलेला उंट दिव्यांत उशिरा दिसतो.

प्रश्न : भाड्याची एसयूव्ही वादी रमच्या वाळूत घालता येईल का? (नाशिक)

नाही. गाडी गावात ठेवा आणि पुढे बेदूंच्या, म्हणजे तिथल्या वाळवंटी लोकांच्या जीपने जा.

प्रश्न : एजंट म्हणतो, जॉर्डन पास घेऊ नका, व्हिसा आणि तिकिटं मीच वेगवेगळी काढून देतो. (कोल्हापूर)

देईलच, त्यात त्याचं कमिशन आहे. हिशेब तुम्हीच करा. व्हिसा ४० दिनार, पेट्राचं एक दिवसाचं तिकीट ५० दिनार, झाले ९०. सगळ्यात स्वस्त पास ७० दिनारचा. त्यात हे दोन्ही येतं, शिवाय जेराश आणि वादी रमचा प्रवेशही. अट अशी की पास देशात उतरण्याआधी घ्यायचा आणि किमान तीन रात्री मुक्काम करायचा. दर आणि अटी बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी पासच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. एजंटच्या पत्रकावर नको.

प्रश्न : आम्ही नोव्हेंबरात जातोय. टूरवाले म्हणाले, वाळवंट आहे, पावसाची काळजी सोडा. खरं का? (ठाणे)

खोटं. आणि हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता संताप होतो.

आपल्याकडे पहिला पाऊस माती पिते, पुढचा गवत-झाडी अडवते, मग ओढा फुगतो. तिथे उघडा खडक आणि उन्हाने भाजून टणक झालेली जमीन. पडलेलं पाणी मुरतच नाही, थेट वादीकडे धावतं. वादी म्हणजे तेच कोरडं पात्र, ज्यात तुम्ही गाडी लावून डबा उघडता. पाऊस पडतो कित्येक किलोमीटर लांब, तुमच्या डोक्यावर आभाळ निळंच असतं.

पेट्राचा सीक ही अशीच वाट : सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीची, काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर रुंद असलेली फट. पेट्रा वसवणाऱ्या नबातियन लोकांना हे दोन हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. सीकच्या तोंडाशी बांध घालून त्यांनी पाणी खडकात खोदलेल्या बोगद्यातून बाजूला काढलं. पुढे त्या बांधाची निगा राहिली नाही आणि एप्रिल १९६३ मध्ये वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक सीकमधल्या पुरात गेले. मग बांध नव्याने उभा राहिला. तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये पेट्रातून साडेतीन हजारांहून जास्त पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. त्याच्या पंधराच दिवस आधी डेड सीजवळ शाळेची सहल पुरात सापडली होती. एकवीस जीव गेले, त्यांत बरीच मुलं.

मी पाहिलं ते करकच्या पुढे. एका फरशी पुलाशी चालकाने गाडी थांबवली. वर कडक ऊन, पात्र कोरडं ठणठणीत. त्याला वरच्या गावातून फोन आला होता. आधी काटक्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या घरंगळत आल्या, मागून चहाच्या रंगाची एक जीभ. आमच्यातल्या एकाने फोटोसाठी फोन बाहेर काढेपर्यंत फरशी दिसेनाशी झाली होती.

तेव्हा रोज सकाळी हॉटेलात आणि पेट्राच्या व्हिजिटर सेंटरवर हवामान विचारूनच निघा. पहारेकऱ्याने मागे फिरा म्हटलं की फिरा, तिकीट फुकट गेलं तरी. वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. गुडघाभर पाणीसुद्धा गाडी उचलतं. आणि त्या टूरवाल्यांना विचारा, पुरामुळे सहल रद्द झाली तर पैसे परत देणार का? ते लेखी घ्या.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, मधुमेही. पेट्रा झेपेल? (सांगली)

हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, निघण्याच्या महिनाभर तरी आधी. खझना म्हणजे सीक संपताच समोर येणारी ती प्रसिद्ध कोरीव इमारत, तिथपर्यंत दोन किलोमीटर चाल आहे, विजेवरची गाडीही मिळते. डोंगरावरच्या अद-दैर या कोरीव वास्तूच्या आठशेच्या आसपास पायऱ्या मात्र सोडून द्या. वर गाढवाने नेतो म्हणणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. सुरुवातीचा घोडा ‘तिकिटातच आहे’ असं सांगतात. ते खरं आहे, पण उतरल्यावर बक्षिसीसाठी हात पुढे येतो. आकडा चढण्याआधी ठरवा. इन्शुलिन डिकीत कधीही ठेवू नका. उन्हातल्या बंद गाडीत ते खराब होतं.

प्रश्न : मी दुबईत असतो. स्वतःची गाडी घेऊन सौदीमार्गे अल-उला आणि पेट्रा? (दुबई)

रस्ता चांगला आहे, अडतं ते कागदांवर. सौदीतल्या अल-उलाजवळच्या हेग्राची नबातियन थडगी पाहून मग पेट्राला जाणं हा क्रम मला स्वतःलाही आवडतो. पण गाडी कर्जावर असेल तर बँकेची परवानगी, प्रत्येक देशात चालणारा विमा आणि तुमच्या पासपोर्टला लागू असणारा व्हिसा, हे तिन्ही आधी हवं. मित्राचं सगळं मागच्या वर्षी सीमेवर झालं, हे मला सांगू नका. विमा कंपनीकडून लेखी घ्या आणि दोन्ही वकिलातींत विचारा.