गुडघा बदलण्याआधी, वहिनी

वहिनी, तारीख घ्यायची घाई नको. एक्स-रे वाईट दिसला म्हणून नाही, रात्रीची झोप मोडत असेल, विहिरीपर्यंतही जाववत नसेल, तर ऑपरेशन. पावसात आपल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा दिवाळीनंतरचं बघा. व्यायाम करून घ्यायला घरी कोण येणार, तेही आधीच ठरवा.

घरी आल्यावर गुडघ्याखाली उशी अजिबात ठेवू नका. बरं वाटतं, पण पाय पुरता सरळ होईनासा होतो. मी ठेवली होती, पुढे महिनाभर रडत रडत सरळ केला. घोटे हलवत राहा. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे. आणि अडाळो, म्हणजे खवणीची विळी, आत्ताच टेबलावर न्या, खाली बसून नारळ खवणं आता बंद.