पहिला रंग वॅगनला द्या, इंजिन नंतर

अरे मॉडेल रेल्वेचं नवीन इंजिन आलं की हात शिवशिवतात ते कळतं, पण आधी एखादी स्वस्तातली उघडी मालगाडीची वॅगन घे आणि तिच्यावर हात साफ कर. बॉडी सुटी करून भांडी घासायच्या लिक्विडने धू, पूर्ण सुकू दे, मग प्रायमर. ठाण्यात पावसाळ्यात स्प्रे मारूच नकोस, दमट हवेत लॅकर (पटकन सुकणारा स्प्रेचा रंग किंवा वार्निश) पांढुरकं पडतं, दिवाळीनंतर निवांत कर. अॅक्रिलिकचे पातळ थर दे, एकच जाड थर दिलास की रिव्हेट्सचे बारीक उंचवटे बुजतात आणि मग मॉडेल खेळणंच वाटतं. डिकल (नंबर-अक्षरांचे पाण्यात भिजवून चिकटवायचे पातळ स्टिकर) लावायच्या आधी ग्लॉस वार्निश मस्ट, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात, आणि मॅट एकदम शेवटी. इंजिनाच्या चाकांची रुळाला टेकणारी कड आणि करंट घेणाऱ्या पट्ट्या मात्र टेपने झाक, रंग लागला तर गाडी अडखळते.

वेदरिंगला, म्हणजे मॉडेल वापरून मळल्या-गंजल्यासारखं रंगवायला, फोटो बघत बसण्यापेक्षा दिवा-पनवेल लाईनवर जाऊन खऱ्या मालगाड्या बघ ना, चाकांजवळ ब्रेकची तपकिरी धूळ असते, गंजाचे ओघळ वरून खाली येतात, आणि बरेच जण आडवे फराटे मारतात ते मला तरी अजिबात पटत नाही.