ऑइल फिल्टरमधून तेल लवकर उतरले, म्हणजे फिल्टर चांगला?

प्रश्न : माझ्या ट्रॅक्टरसाठी मूळ कंपनीचा ऑइल फिल्टर आणि निम्म्या किमतीचा साधा फिल्टर असे दोन्ही आणले. लेथवाल्याकडून मधल्या आट्यांत बसेल असा नळीचा तुकडा करून घेतला, त्यावर दोन फूट पारदर्शक नळी चढवली, फिल्टर तोंड वर करून परातीत ठेवला आणि नळीतून १५डब्ल्यू-४० तेल ओतत राहिलो. स्वस्त फिल्टरच्या कडेच्या भोकांतून काही मिनिटांतच तेल परातीत सांडू लागले. मूळ फिल्टरमध्ये मात्र ते नळीतच अडून राहिले. मूळ फिल्टर चोंदलेला निघाला असे समजावे काय?
– एक कास्तकार वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तसे समजू नये. आपली मांडणी नेटकी आहे, परंतु तेल उलट्या वाटेने ओतले गेले. इंजिनात तेल कडेच्या बारीक भोकांतून फिल्टरमध्ये शिरते, बाहेरून आत कागद ओलांडते आणि मधल्या आट्यांच्या भोकातून गाळून बाहेर पडते. कडेच्या भोकांना आतून रबराची एक चकती टेकलेली असते; इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधील तेल मागे ऑइल चेंबरकडे उतरू नये, यासाठी ती असते. मूळ फिल्टरमधील चकतीने आपले काम चोख केले, म्हणून तेल अडले. स्वस्त फिल्टरमध्ये ती एकतर नीट बसत नाही किंवा मुळातच नाही. आपल्या ट्रॅक्टरवर फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर चकती नसल्याने फारसे बिघडत नाही, कारण तेल डब्यातच राहते. आडवा बसत असेल तर मात्र सकाळी इंजिन सुरू करताना बेअरिंगांना तेल उशिरा पोहोचेल.

तेल सुलट वाटेने ओतले तरी वेळ मोजून फारसे कळणार नाही. दोन फूट तेलाचा दाब जेमतेम ०.०५ बार भरतो. इंजिनातला पंप काही बार दाबाने तेल ढकलतो. शिवाय हे तेल १०० अंश सेल्सिअसच्या तुलनेत ४० अंशांना सुमारे सात-आठ पट घट्ट असते, त्यामुळे एक फिल्टर पौषातल्या सकाळी आणि दुसरा भर दुपारी तपासला तरी निकाल फिरेल. पंप तर प्रत्येक फेऱ्याला ठरलेले तेल पुढे लोटतोच. कागद फारच अडवू लागला की बायपास झडप उघडते आणि न गाळलेले तेल थेट बेअरिंगांकडे जाते. त्यातून, जाळीदार किंवा फाटका कागदही तेल झटकन सोडतो. कारखान्यात ‘आयएसओ ४५४८’ या मानकाच्या निरनिराळ्या भागांनुसार दाबातील फरक, बायपास झडप आणि धूळ अडवण्याची क्षमता वेगवेगळी तपासतात, ती याचमुळे.

घरी करण्याजोगी खरी तपासणी म्हणजे फिल्टर उघडून पाहणे. डब्याच्या काठाची घडी कानसेने घासावी, कीस पुसून काढावा आणि मगच झाकण उचलावे. हॅकसॉने कापल्यास तिचाच कीस कागदावर पडतो आणि इंजिन झिजल्याचा भास होतो. कागदाच्या चुण्या मोजाव्यात. समजा, ५० चुण्या, खोली १.२ सेंटीमीटर आणि उंची ८ सेंटीमीटर असेल, तर चुणीच्या दोन बाजू धरून ९६० चौरस सेंटीमीटर कागद झाला. ३६ चुण्यांत तो सुमारे ६९० भरतो आणि तितका लवकर भरून येतो. कागदाचा सांधा आणि दोन्ही टोकांचा डिंक सलग आहे का, हे बोट फिरवून पाहावे. वापरलेल्या फिल्टरच्या चुण्यांतील गाळावर लोहचुंबक धरावा. लोखंडाचा कीस चिकटेल, पण बेअरिंगचा तांबूस चकाकणारा कण चिकटणार नाही, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

तुरीच्या मळणीत ट्रॅक्टर थ्रेशरला जोडून दिवसभर उभा असतो, तेव्हा धूळ मुख्यतः एअर क्लीनरच्या वाटेने इंजिनात जाते, म्हणून फिल्टरवरून वाद घालण्याआधी त्याची नळी आणि क्लिपा पाहाव्यात हे बरे. तपासलेले दोन्ही फिल्टर आता ट्रॅक्टरला बसवू नयेत, कारण उलट्या वाटेने ओतताना तेलाबरोबर गेलेला कचरा थेट कागदाच्या स्वच्छ बाजूला बसला आहे. परातीतले तेलही इंजिनात न ओतता फाटकाच्या बिजागऱ्यांना लावावे.