बूट पायाला विचारून घ्यावेत

धावण्याचे बूट आणि पायांची निगा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातील अडचण अनेकांची असल्याने तिला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझे वय 46 आहे. चार महिन्यांपूर्वी धावायला सुरुवात केली. बूट घेताना विक्रेत्याने मला ट्रेडमिलवर पळवून त्याची चित्रफीत दाखवली आणि ‘तुमचा तळवा सपाट आहे, पाय आत कलतो, तुम्हाला आधार देणारेच बूट लागतील’ असे सांगितले. ते बूट मला पहिल्या दिवसापासून बोचतात. आता दीड महिना झाला, सकाळी उठून पहिली पावले टाकताना उजवी टाच ठणकते आणि थोडे चालल्यावर दुखणे ओसरते. बूट बदलू का? धावणे सोडावे लागेल का?

उत्तर : धावणे सोडण्याची गरज बहुधा पडणार नाही. पाय आत कलणे हा मुळात दोष नाही. पाऊल जमिनीवर टेकले की ते किंचित आत झुकते, कमान थोडी दबते आणि त्यातून धक्का विरतो. एका पावलातली 26 हाडे आणि 33 सांधे एकमेकांना सांभाळून घेतात ते याच कामासाठी. अमेरिकी सैन्यदलांत नव्या भरतीच्या जवानांवर याची पडताळणी झालेली आहे : काहींना तळव्याच्या कमानीनुसार वेगवेगळे बूट दिले, इतरांना कमान न पाहता एकाच प्रकारचे दिले आणि दोन्ही गटांतील दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. त्यामुळे केवळ चित्रफितीवरून पायाला नाव देणे आणि त्या नावाचा बूट गळ्यात मारणे मला मान्य नाही. पायात घालताच जो बूट सुखाचा वाटतो, तोच निवडावा, असा निष्कर्ष कॅल्गरी विद्यापीठातील बेनो निग यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर मांडला आणि माझाही अनुभव तोच आहे. पहिल्या दिवशी बोचणारा बूट ‘वापरून सैल होईल’ या आशेवर कधीही घेऊ नये.

दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी बघावेत आणि धावताना घालता तेच मोजे घालून बघावेत. बुटातील इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहा. करंगळी किंवा चवड्याची कड इनसोलच्या बाहेर जात असेल, तर तो बूट तुमच्या पायासाठी अरुंद आहे, मग आकड्याने तो कितीही बरोबर असो. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा मोठा असतो. माप त्या मोठ्या पायाचे धरावे. सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असे नाही, पुष्कळांचे दुसरे बोट लांब असते) अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि टाच मात्र मागे घट्ट बसलेली हवी. शेवटी चार-पाच मिनिटे त्या बुटांत खरोखर धावून पाहावे, कारण उभ्याने सुखाचा वाटणारा बूट धावताना वेगळा वागू शकतो.

आता टाचेविषयी. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. तुमच्या वर्णनावरून तोच दुखावलेला दिसतो. झोपेत पाऊल खाली झुकलेले आणि पट्टा सैल असतो; उठल्याबरोबर त्यावर सगळा भार येतो आणि पहिलीच पावले ठणकतात. बुटाचा यात वाटा असेलही, परंतु चार महिन्यांत तुम्ही अंतर किती वेगाने वाढवले, हे मी आधी पाहीन. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले तर घाबरू नये. टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांतही ते दिसते.

सकाळी अंथरूण सोडण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने बोटे नडगीकडे ओढा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपा : दोरीसारखा ताणलेला पट्टा बोटाला लागला की व्यायाम बरोबर चालला आहे. दहा सेकंद धरा, असे दहा वेळा करा. एक दिवसाआड पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाच सावकाश वर उचला आणि तितक्याच सावकाश खाली आणा. धावण्याचे अंतर तूर्त निम्मे करा. दुसऱ्या सकाळचे दुखणे आदल्या दिवशीपेक्षा वाढले, तर अंतर अजून कमी करा. घरात टणक फरशीवर अनवाणी फिरू नका. हे दुखणे काही महिने घेते, म्हणून दोन आठवड्यांत निराश होऊ नका. मात्र टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर कळ येत असेल, रात्री पडल्या-पडल्या दुखत असेल किंवा तळव्याला मुंग्या येत असतील, तर हाडाला बारीक तडा गेला आहे का किंवा नस दबली आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

प्रश्न : लांब धावल्यानंतर पायाच्या अंगठ्याचे नख काळे पडले आहे. ते काढून टाकावे का? आणि बूट किती दिवसांनी बदलावेत?

उत्तर : नख ओढून काढू नका. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकते, अंगठा पुन्हा पुन्हा आपटतो आणि नखाखाली रक्त साकळते. नवे नख खालून येईल, जुने आपोआप सुटेल; पूर्ण नख यायला वर्ष-दीड वर्ष लागते. नखे सरळ रेषेत कापा आणि घोट्याजवळच्या शेवटच्या छिद्रातूनही नाडी ओवून बांधा, म्हणजे टाच जागची हलणार नाही. काही मार न लागता नखात काळी उभी रेघ उमटली आणि ती रुंद होत गेली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. बुटांचे आयुष्य दिवसांत नव्हे, अंतरात मोजावे : साधारण 500 ते 800 किलोमीटर. वरून बूट नवा दिसला तरी आतला फोम दबून गेलेला असू शकतो.

प्रश्न : माझे वय 61 आहे, बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि मी रोज वेगाने चालते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. नवीन बूट घेताना काय पाहावे?

उत्तर : आपण चालता हे फार चांगले आहे, ते सोडू नका. पण बूट घेण्याआधी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून ही तपासणी होते आणि त्यात दुखत नाही. संवेदना कमी झाली असेल, तर ‘सुखाचा वाटतो तो बूट’ हा वरचा सल्ला आपल्याला लागू पडत नाही, कारण बूट चावत असला तरी पाय ते सांगणार नाही. अशा वेळी पायाचे माप तज्ज्ञाकडून घ्यावे आणि नवा बूट पहिल्यांदा अर्धा तासच घालून, मोजा काढून, कुठे लाल चट्टा उठला आहे का ते पाहावे. चिखल्यांसाठी बेचके कोरडे ठेवणे सर्वांत महत्त्वाचे : धुतल्यावर प्रत्येक बेचके टिपून घ्या, तेथे तेल किंवा मलई लावू नका, मोजे रोज बदला. बुरशीवरील औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून पाय पाहा आणि बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा वगैरे नाही ना, याची खात्री करा. फोड, भेग किंवा जखम दिसली, तर ती दुखत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.